लखोट्यातली एकेचाळिसावी चाल

आमच्या बाबांना लवकर पोहोचायचा रोग आहे. दुकान दहाला उघडतं, हे सव्वानऊला शटरसमोर उभे. दवाखान्यात अकराची वेळ मिळाली तर झाडलोट करणारी बाई यांना दार उघडते. स्वतःच्या लग्नाला ते इतक्या लवकर पोहोचले होते की आईच्या माहेरची माणसं अजून अंघोळीच्या रांगेत होती. आई हे अजून ऐकवते. बुद्धिबळाच्या क्लबात त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही. तिथे ते लवकरराव.

दुकान चष्म्याचं. पुढे मी डोळे तपासते, "हा बरा की हा?" असं दिवसातून दोनशे वेळा विचारते. मागच्या खोलीत बाबा काचा घासतात. चाकावर पाण्याची धार, अंगावर रबरी एप्रन. काच घासून झाली की ती खिडकीच्या गजासमोर धरायची, जराशी फिरवायची आणि गज मोडलेला दिसतो का ते बघायचं; तिरप्या नंबराची काच किती अंशात बसवायची ते त्यावरून कळतं. मोजायचं यंत्र आहे, चांगलं आहे, पण बाबा आधी गजाला विचारणार आणि मग यंत्राला. सत्तराव्या वर्षीही त्यांचा अंदाज एका अंशानेही चुकत नाही. चुकत नव्हता, असं म्हणायला हवं. तेच सांगायचंय.

दोन ते चार दुकानात चिटपाखरू फिरकत नाही. तेवढाच जीव रमेल म्हणून गेल्या वर्षी मी काउंटरवरच्या संगणकावर बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर घालून दिलं. आपण पट मांडायचा, ते सांगतं कुणाचं पारडं जड आहे. पांढऱ्याचं जड असेल तर अधिकचा आकडा, काळ्याचं असेल तर उण्याचा. आणि खाली सगळ्यात चांगली चाल कुठली, दुसरी कुठली, तिसरी कुठली. हे हातात आलं आणि बाबांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे नावाजलेले डाव, चालींपुढे शाबासकीची दोन-दोन उद्गारचिन्हं दिलेले. बाबांना ते तोंडपाठ. त्यातला एकेक डाव ते मशीनला घालायला लागले आणि आमच्या दुकानातली शांतता संपली.

पहिल्याच दिवशी, भर दुपारी आलेल्या एका आजींचा नंबर मी काढत होते. काउंटरवरून आरोळी आली, "अगं, जिंकत होता गं तो!"

आजी खुर्चीत उडाल्या. मला वाटलं, काहीतरी भलतंच झालं. धावत गेले तर बाबा डोक्याला हात लावून स्क्रीनसमोर बसलेले. "बरोबरी केली गं मेल्याने! हात मिळवून घरी गेला! उंट नुसता एक घर मागे घेतला असता तरी खेळ खलास होता. सव्वाशे वर्षं जग या डावाला शाबासकी देतंय आणि एकालाही दिसू नये?"

"बाबा, तिकडे आजी घाबरल्यात."

"घाबरू देत. मीपण घाबरलोय."

मग हे रोजचंच झालं. चार महिन्यांत साठेक डाव झाले आणि त्यातल्या निम्म्यांत कुणी ना कुणी हातातली जीत घालवलेली. बाबा घरी येऊन ताटावर बसले की, "आज आणखी एक सापडला," असं अशा आवाजात सांगायचे की ओळखीचं कुणीतरी गेलं असावं. आई म्हणायची, "मेलेल्यांच्या चुका काढून तुम्हाला काय मिळतं हो? जिवंत माणसाच्या काढायला मी बसलेय ना इथे." बाबांचा सगळ्यात जास्त राग होता तो जिंकत असताना डाव सोडून देणाऱ्यांवर. असा एक पुस्तकात निघाला तेव्हा ते दोन दिवस धुमसत होते. "वाढलेल्या ताटावरून उठला गाढव!"

मी एकदा सहज म्हटलं, "बाबा, तुमचा डाव घालूया की."

"माझ्या डावात बघायचंय काय? मला पाठ आहे, साऱ्या क्लबाला पाठ आहे."

हे मात्र खरं होतं. एकतीस वर्षांपूर्वी गावोगावच्या क्लबांची स्पर्धा आमच्या क्लबात झाली आणि शेवटचा डाव पडला तो बाबा आणि त्यांचा जिवलग मित्र यांच्यात. त्या मित्राला आता सगळे सेक्रेटरी म्हणतात, मी सेक्रेटरीकाका म्हणते. बाबांची काळी मोहरी, काकांची पांढरी. जिंकेल तो पुढच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. पाच तास झाले तरी डाव संपेना, तेव्हा त्या काळच्या रीतीप्रमाणे तो दुसऱ्या दिवसावर टाकला. अशा वेळी ज्याची पाळी असेल त्याने आपली पुढची चाल पटावर खेळायची नाही. कागदावर लिहायची, लखोट्यात घालायची, लखोटा चिकटवून त्यावर दोघांनी सही करायची आणि तो पंचाकडे द्यायचा. म्हणजे रात्रभर विचार करून कुणी फायदा घ्यायला नको. सकाळी लखोटा उघडायचा आणि पुढे खेळायचं. पाळी काकांची होती, त्यांनी एकेचाळिसावी चाल लिहिली.

बाबा घरी येऊन पटासमोर बसले. काकांनी काय लिहिलं असेल? उजाडता उजाडता त्यांना ते दिसलं. आख्खा हत्ती फुकट देऊन टाकायचा! मग घोड्याचा शह, मग पांढऱ्याचं प्यादं सरळ जाऊन वजीर. त्यावर काळ्याला औषध नाही. आई सांगते, चहाला न थांबता ते निघाले. नऊची वेळ, हे सव्वाआठला हजर. पंचासमोर हार मानून स्वतःचा राजा आडवा ठेवला, जमलेल्या चार लोकांना ती हत्तीची चाल करून दाखवली आणि म्हणाले, "असला खेळ आपल्या बापजन्मात होणार नाही." एरवी नऊ म्हटलं की सव्वानऊला उगवणारे काका त्या दिवशी साडेआठला जिना चढून आले. "जिंकायची घाई, दुसरं काय!" असं बाबा कौतुकाने सांगायचे. बाबांनी हात पुढे केला. डाव सुटलाच होता, त्यामुळे लखोटा उघडायची गरजच पडली नाही.

तो डाव आमच्या क्लबाच्या भिंतीवर आहे. काचेच्या चौकटीत पटाचं चित्र, शेजारी तो तपकिरी लखोटा, न उघडलेला, आणि खाली टाईप केलेली ओळ: "एकेचाळिसाव्या चालीला काळ्याने डाव सोडला." क्लबात नवा येणाऱ्याला त्या चौकटीपुढे उभं करून विचारायचं, "पांढऱ्याने काय लिहिलं असेल?" हत्तीची चाल सापडली की नाव वहीत चढतं. मी नऊ वर्षांची असताना मला अकरा दिवस लागले. बाबांनी टाळ्या पिटल्या. सेक्रेटरीकाका नुसतं, "चल, बिस्कीट घे," म्हणाले. "बरोबर" असं ते कुणालाच म्हणायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, केवढा हा मोठेपणा!

त्या दिवसानंतर बाबा स्पर्धेत खेळले नाहीत. पट मांडायचे, शिकवायचे, दुसऱ्यांचे डाव बघायचे, पण घड्याळ लावून कुणाशी बसले नाहीत. "घड्याळ चालू असताना ज्याला असली चाल सुचते त्याला खेळाडू म्हणायचं. आपण आपले काचा घासणारे," असं म्हणायचे. यात कडवटपणा नव्हता. उलट अभिमान होता, की ती चाल ओळखणारा मी आणि मानाने डाव सोडणाराही मीच. काका मोठ्या स्पर्धेला गेले, सपाटून हरून आले, क्लबाचा कारभार अंगावर घेतला, आणि तेही पुन्हा स्पर्धेत खेळले नाहीत. मात्र एक बदल झाला. एवढा उशीर करणारा माणूस, पण क्लबात बाबांच्या आधी यायला लागला. बाबा कितीही लवकर गेले तरी काका आत फडकं मारत असायचे. "हा माणूस झोपतो कधी?" हे बाबांचं एकतीस वर्षांचं कोडं होतं.

तर एका सोमवारी दुपारी बाबा मागे चाकावर होते आणि मी पुढे रिकामी होते. चौकटीतला पट मला डोळे मिटून मांडता येतो. मी तो मशीनला घातला आणि हाक मारली, "बाबा, तुमच्या हत्तीला अधिक सहा दिलेत!"

ते हात पुसत आले. चेहरा फुललेला. "बघ! मशीनलासुद्धा तीच सुचली. याला म्हणतात चाल!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा धंदाच असा की एक काच दाखवली की दुसरी दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. मी खालची ओळ वाचली. "दुसरी चाल, हत्ती मागे. उणे चार. तिसरी, राजा कोपऱ्यात. उणे पाच. चौथी..."

"थांब. उणे?"

"उणेच आहे, बाबा. म्हणजे हत्ती दिला तर काका जिंकतात. बाकी काहीही खेळले तरी तुम्ही."

बाबांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला बाजूला सारून त्यांनी एकेक चाल करून पाहिली. बत्तीस चाली शक्य होत्या. एकतिसांत काळा जिंकत होता. हत्ती मागे घेतला तर काळ्याचं उत्तर होतं राजा एक घर बाजूला, एवढंच. ना शह, ना मारामारी. नुसता राजा सरकवायचा आणि पांढऱ्याचं सगळं कोसळायचं. बाबा त्या राजाकडे बघत बसले. मागे चाक तसंच फिरत होतं.

"तो तीच लिहिणार," शेवटी ते म्हणाले. "दुसरं काय लिहिणार?"

एकतीस वर्षं आम्ही सगळे त्या चौकटीपुढे उभे राहून चाल शोधत होतो आणि लखोट्यात काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती चाल सांगितली कुणी? बाबांनी. काकांच्या तोंडून ती कुणी ऐकली होती? मी आठवून आठवून पाहिलं. कुणीच नाही.

पुढचे दोन दिवस बाबा जेमतेम बोलले. पुस्तक बंद. बुधवारी त्यांनी घडवलेला चष्मा घालून एक ड्रायव्हर दोन पायऱ्या उतरला आणि भिंतीला धरून परत वर आला. "ताई, रस्ता तिरका उभा राहतोय." मी यंत्रावर धरला तर वीस अंशाची काच एकशेवीसला बसवलेली. मागे जाऊन सांगितलं. बाबांनी ती काच गजासमोर धरली आणि किती तरी वेळ धरूनच ठेवली. एवढी चूक मी त्यांच्या हातून पहिल्यांदाच पाहिली आणि मला भीती वाटली.

"उद्या सकाळी चल माझ्याबरोबर," ते म्हणाले.

गुरुवारी आम्ही साडेआठला क्लबात पोहोचलो. काका अर्थातच आधीच आलेले. स्टुलावर चढून तीच चौकट पुसत होते. बाबा दारातच थांबले आणि काही प्रस्तावना न करता म्हणाले, "तो लखोटा उघड."

काकांचा हात थांबला. त्यांनी विचारलं नाही की कुठला, विचारलं नाही की का. स्टुलावरून उतरले, चौकट टेबलावर पालथी घातली, खिशातल्या किल्लीने मागचे खिळे वाकवले आणि लखोटा काढून बाबांच्या हातात दिला. "तूच उघड. मला आजवर धीर झाला नाही. फाडून टाकायचाही झाला नाही."

चिकटपट्टी हात लागताच सुटली. आत चार बोटांएवढा कागद. त्यावर काकांचं ठसठशीत अक्षर: हत्ती मागे.

ज्या माणसाने मला घोडा कसा चालतो ते शिकवलं, ज्याने बिस्किटं दिली, तो माणूस! मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. "काका, तुम्ही फसवलंत आम्हाला. सगळ्यांना!"

"हो," काका म्हणाले.

बाबा कागदाकडेच बघत होते. "म्हणजे ती हत्तीची चाल..."

"मी पहिल्यांदा पाहिली ती तुझ्याच हातून. त्या सकाळी. जिना चढून आलो, तर तू लोकांना ती करून दाखवत होतास, माझ्या नावावर. मला सुचलीच नव्हती रे. कधी सुचलीही नसती."

"मग तोंड का नाही उघडलंस?"

"उघडलं होतं. शब्द फुटेना. तू हात पुढे केलास, लोकांनी मला खांद्यावर घेतलं. खांद्यावरून काय सांगणार? मग दुसऱ्या दिवशी सांगतो म्हटलं. मग तिसऱ्या. असं करत एकतीस वर्षं गेली." काकांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "आणि ऐक. मी त्या दिवशी साडेआठला का आलो होतो माहीत आहे? डाव सोडायला आलो होतो. लोक जमायच्या आत, गुपचूप. तू पंधरा मिनिटं आधी पोहोचलास."

माझा संताप जागच्या जागी थिजला. बाबांचं तोंड उघडंच राहिलं होतं, म्हाताऱ्या माणसाचं राहतं तसं, आणि मला ते बघवेना.

"म्हणून मी रोज तुझ्या आधी येतो," काका म्हणाले. "परत कधी तू आधी पोहोचायला नको."

"अरे, मी खेळणं सोडलं!" बाबा एकदम ओरडले. असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या चुकांवरसुद्धा नाही. "असली चाल सुचणाऱ्याच्या पंगतीला आपण बसायचं नाही म्हणून सोडलं. आणि तुला ती सुचलीच नव्हती! मग मी सोडलं कुणासाठी?"

"मीही सोडलं. पटावर बसलो की तू राजा आडवा ठेवताना दिसायचास."

बाबा येरझाऱ्या घालायला लागले. खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे. मला वाटलं, आता हे निघून जाणार आणि या दोघांचं कायमचं तुटणार. पण तिसऱ्या फेरीला ते थबकले. डोक्यात काहीतरी वेगळंच शिरलेलं दिसत होतं.

"पण तू डाव सोडायला का आला होतास? हत्ती मागे, वाईट काय आहे त्यात? बघणाऱ्याला काळ्याचं काहीसुद्धा दिसत नाही."

"राजा एक घर बाजूला," काका म्हणाले.

बाबा भुताकडे बघावं तसे त्यांच्याकडे बघत राहिले. "तुला दिसली ती?"

"पहाटे. घाम फुटला. म्हटलं, मला दिसली म्हणजे त्याला दिसलीच असणार."

"मी बघितलंच नव्हतं तिकडे. मी तुझ्याच चाली शोधत होतो." बाबा खुर्चीत बसले. आवाज अगदी खाली आला. "मला ती सोमवारी मशीनने दाखवली. आधी दाखवायला नको होती रे. आता कसं कळणार, माझी मला सापडली असती की नाही?"

"सापडली असती."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मी डाव सोडायला उगाच आलो होतो का?"

बाबा त्या कागदाची घडी घालत आणि उलगडत बसले. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून काचेवर खुणा करायचं पेन काढलं. चौकट सरळ केली. "एकेचाळिसाव्या चालीला काळ्याने डाव सोडला" या ओळीच्या खाली, काचेवरच, त्यांनी लिहिलं: "पांढऱ्यानेही."

"स्पिरिटने पुसलं जातं," ते म्हणाले.

"नको," काका म्हणाले आणि चौकट परत भिंतीवर टांगली. लखोटा तेवढा टेबलावर राहिला.

मी घड्याळ बघितलं. दहाला पाच कमी. "बाबा, दुकान."

"तू हो पुढे." त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. "आणि तू, ते घड्याळ काढ. चालतंय का बघ. पांढरी मला."

आयुष्यात पहिल्यांदा दुकान मी एकटीने उघडलं. ड्रायव्हरची काच परत घासायची होती, त्याला संध्याकाळी ये म्हटलं. बाबा आले ते दोन वाजता. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, डोळे लाल, आणि चालण्यात एक असा झोक की मला वाटलं, पडतात की काय.

"काय झालं?"

"हरलो," ते म्हणाले. एप्रन घातलं, चाक सुरू केलं, परत बंद केलं, आणि दारात येऊन उभे राहिले. "जिंकत होतो गं मी! शंभर टक्के जिंकत होतो. शेवटी कुठेतरी हुकलं."

मी संगणकाकडे हात नेला. "सांगा चाली. आत्ता कळेल कुठे ते."

"खबरदार!" बाबा म्हणाले. "हात लावू नकोस त्याला. उद्या साडेसातला परत बसतोय आम्ही."